अपडेटच्या यादीतली अनोळखी नावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर तुम्ही पहिल्यांदाच 'अपडेट हिस्टरी' उघडलीत आणि न मागितलेल्या गोष्टींची रांगच दिसली. एक ओळ 'इंटेल – सिस्टम' अशी, तिच्यापुढे तारीख १८ जुलै १९६८. एक 'मॅलिशियस सॉफ्टवेअर रिमूव्हल टूल'. डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, अपडेट एकाच नंबरानं साठ-सत्तर वेळा. मग संशयानं 'इन्स्टॉल्ड ॲप्स' बघितलं, तर तिथे 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' नावाच्या सहा नोंदी आणि एक 'वेबव्ह्यू२ रनटाइम'. शेवटी सी ड्राइव्हमध्ये 'आयनेटपब' नावाचा रिकामा फोल्डर सापडला, तो तुम्ही उडवलात. यातलं काहीच मी घातलेलं नाही, कुणी आत शिरलंय का, बाकीचंही काढून टाकू का, असं तुम्ही विचारता.

आधी उत्तर देते. तुम्ही दिलेल्या यादीत कुणी शिरल्याची एकही खूण नाही. ही सगळी नावं माझ्या रोजच्या बघण्यातली आहेत. बाकीचं काहीही काढू नका. आणि जो एक फोल्डर उडवलात, नेमका तोच परत आणायला हवा. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे. तो कसा आणायचा ते पुढे सांगते, कारण तो कुठून आला हे कळलं की निम्मी यादी आपोआप उलगडते.

सुरुवात १९६८ पासून करू, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त धडकी त्यानंच भरवलेली दिसते, आणि ते साहजिक आहे. त्या साली घरगुती कॉम्प्युटर नावाची वस्तूच नव्हती, मग ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, कुठला असणार? तर १८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस आहे. आपल्या चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिप्सच्या, फायलींवर कंपनीनं मुद्दाम ही तारीख टाकलेली असते. एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज तारीख बघतं आणि नव्या तारखेचा ड्रायव्हर वरचढ ठरवतं. इंटेलच्या या चिपसेट फायली म्हणजे खरं तर ड्रायव्हरही नव्हेत. मदरबोर्डवरच्या अमुक भागाला अमुक नावानं ओळखा, एवढंच त्या विंडोजला सांगतात. एखाद्या भागासाठी खरा, कामाचा ड्रायव्हर आधीच बसलेला असेल तर या ओळखपत्रानं त्याला खाली ढकलू नये, म्हणून त्याला इतकी जुनी तारीख दिली की शर्यतीत ते कायम शेवटीच राहावं. मायक्रोसॉफ्टही हेच करतं. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून कीबोर्डच्या किंवा डिस्कच्या ड्रायव्हरची तारीख बघा, बहुतेक ठिकाणी २१ जून २००६ दिसेल. लॅपटॉप कालपरवा घेतलेला असला तरी. हेतू तोच, की उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आला तर विंडोजबरोबर आलेल्या साध्या ड्रायव्हरनं बाजूला व्हावं.

म्हणजे तुम्हाला जी तारीख घुसखोराची वाटली, ती एका इंजिनिअरनं विचार करून टाकलेली तारीख आहे. माझ्याकडे येणारे निम्मे 'हॅक झालंय' असे प्रश्न याच जातीचे असतात. लोक नाव वाचतात, नाव ओळखीचं वाटत नाही, आणि तिथेच निकाल लावून मोकळे होतात. अपडेटच्या बाबतीत नावाची ओळख हा अगदीच कुचकामी निकष आहे. वस्तू कुठल्या दारानं आत आली ते बघायचं.

खरं दार कसं दिसतं ते एका ओळीवरून दाखवते. तुमच्या यादीत साधारण अशी एक ओळ असेल: '२०२५-०४ क्युम्युलेटिव्ह अपडेट फॉर विंडोज ११ व्हर्जन २४एच२ फॉर एक्स६४-बेस्ड सिस्टिम्स (केबी ५०५५५२३)'. नावाची ठेवण मायक्रोसॉफ्ट मधूनमधून बदलतं, पण तुकडे हेच असतात. पहिले आकडे वर्ष आणि महिना. 'क्युम्युलेटिव्ह' म्हणजे आधीच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या पोटात घेऊन आलेलं. म्हणूनच सहा महिने बंद पडलेला लॅपटॉप चालू केला तर सहा अपडेट घालावी लागत नाहीत, शेवटचं एक पुरतं. '२४एच२' ही तुमच्या विंडोजची आवृत्ती, २०२४ च्या उत्तरार्धातली. 'एक्स६४' हा प्रोसेसरचा प्रकार. आणि केबी म्हणजे नॉलेज बेस. हा क्रमांक या सगळ्या नावातला एकमेव कामाचा भाग आहे, कारण त्या क्रमांकाचं एक पान मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या संकेतस्थळावर असतं. अपडेटमध्ये काय आहे, काय बिघडलंय, बिल्ड नंबर, म्हणजे विंडोजचा नेमका आवृत्ती-क्रमांक, किती होईल, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. या विशिष्ट अपडेटनं बिल्ड २६१००.३७७५ होतो. स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाइप करून एंटर दाबा, तुमचा आत्ताचा बिल्ड दिसेल. टिंबाच्या आधीचा आकडा आवृत्ती बदलली की बदलतो, टिंबाच्या नंतरचा प्रत्येक मासिक अपडेटला वाढतो. यादीत अपडेट 'यशस्वी' म्हणतंय आणि बिल्ड तिथेच अडकलाय, तर काहीतरी अर्धवट राहिलंय हे समजायचं.

ही मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी १० वाजता. २००३ सालापासूनचा हा रिवाज आहे. त्यामुळे यादीतल्या तारखा दुसऱ्या मंगळवारच्या आसपास एकवटलेल्या दिसल्या तर ते लक्षण चांगलं. महिन्याच्या शेवटी 'प्रिव्ह्यू' असं लिहिलेलं एखादं दिसेल. ते ऐच्छिक असतं, पुढच्या महिन्यात येणाऱ्या दुरुस्त्यांची रंगीत तालीम. घरच्या मशीनवर ते घालायच्या भानगडीत पडू नका, असं माझं मत आहे. तालमीत आपण कशाला उभं राहायचं?

आता तो फोल्डर. वर उदाहरणाला घेतलेलं एप्रिल २०२५ चं अपडेट मी मुद्दाम निवडलं, कारण 'आयनेटपब' त्याच महिन्याच्या अपडेटनं आणला. या नावाचा फोल्डर एरवी मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचा असतो, 'आयआयएस' नावाच्या. घरच्या कॉम्प्युटरवर वेब सर्व्हर कोण चालवतं? त्यामुळे ८ एप्रिलनंतर जाणकार माणसंही बुचकळ्यात पडली. आयआयएस बंद, आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी त्याचा रिकामा फोल्डर. अनेकांनी तुमच्यासारखाच तो उडवला आणि काही बिघडलं नाही म्हणून निश्चिंत झाले. मग मायक्रोसॉफ्टनं त्या अपडेटच्या माहितीत भर घातली की हा फोल्डर सुरक्षेच्या एका दुरुस्तीचा भाग आहे, आयआयएस चालू असो वा नसो, तो काढू नका. त्या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२५-२१२०४. कॉम्प्युटरवर मर्यादित हक्क असलेला कुणी अपडेटच्या यंत्रणेला फसव्या दुव्यानं, म्हणजे एका फोल्डरवरून गुपचूप दुसरीकडे नेणाऱ्या जोडणीनं, भलत्याच जागी वळवू शकत होता आणि त्यातून वरचे हक्क मिळवू शकत होता. फोल्डर आधीच योग्य मालकीनं, म्हणजे 'सिस्टम'च्या नावानं तयार असणं हा त्या दुरुस्तीचा भाग. रिकामा आहे म्हणजे निरुपयोगी आहे, हा अंदाज इथे साफ चुकतो. फोल्डर नुसता जागेवर असणं हेच त्याचं काम.

परत आणायला फोल्डर हातानं बनवू नका. तुम्ही बनवलात तर मालकी तुमच्या नावावर येते, आणि सगळा मुद्दा मालकीचाच होता. कंट्रोल पॅनेल, मग 'प्रोग्रॅम्स', तिथे 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'. यादीत 'इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस' समोर खूण करा, ओके म्हणा. फोल्डर योग्य मालकीनं तयार होईल. मग त्याच जागी जाऊन ती खूण काढा आणि रीस्टार्ट करा. आयआयएस जाईल, फोल्डर राहील. तुम्हाला वेब सर्व्हर नकोच आहे, तेव्हा खूण काढायची पायरी विसरू नका.

पुढच्या वेळी असा अनोळखी फोल्डर दिसला तर उडवण्याआधी एक मिनिट द्या. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथे तो कधी तयार झाला ती तारीख आणि वेळ दिसते. ती लिहून घ्या. मग स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. हे विंडोजमधलं बहुधा सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि मला सगळ्यात आवडणारं खिडकीएवढं साधन. दिवसागणिक रकाने असतात. त्या तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की त्या दिवशी काय बसलं, काय कोसळलं, कुठलं अपडेट फसलं, याची वेळेसकट नोंद खाली येते. फोल्डरची वेळ आणि अपडेटची वेळ जुळली की जन्मदाखला मिळाला. जुळली नाही, आणि त्याच सुमारास तुम्ही कुठून तरी फुकटातलं काही उतरवून घेतलेलं असेल, तर मात्र माझा सूर बदलेल.

'मॅलिशियस सॉफ्टवेअर रिमूव्हल टूल' हे नावच दुर्दैवी. घाईत वाचणाऱ्याला फक्त 'मॅलिशियस' दिसतं. हे केबी ८९०८३०, जानेवारी २००५ पासून विंडोज अपडेटमधून येणारं छोटं सफाईचं साधन. आलं की पडद्यामागे एकदा चालतं, त्या काळात जास्त पसरलेले मोजके व्हायरस शोधतं, सापडला तर सांगतं, नाही तर गप्प बसतं. ते चाललं की नाही हे बघायचं असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज', त्याच्या आत 'डीबग' फोल्डर, तिथे 'एमआरटी' नावाची लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक तपासणीची तारीख आणि निकाल त्यात सापडतो. अँटिव्हायरसची जागा ते घेत नाही. ते काम डिफेंडरचं, आणि तुमच्या त्या साठ-सत्तर ओळी त्याच्याच. केबी २२६७६०२ हा क्रमांक एखाद्या मासिकाच्या नावासारखा कायम असतो, अंक मात्र दरवेळी नवा. कंसातला व्हर्जन नंबर बघा, प्रत्येक ओळीत तो पुढे सरकलेला असेल. नव्या व्हायरसच्या खुणा दिवसातून अनेकदा प्रसिद्ध होतात, त्यामुळे नोंदींचा ढीग साचतो. ढीग साचायचा थांबला तर काळजी करा. केबी ४०५२६२३ दिसलं तर ते डिफेंडरचं इंजिन ज्या पायावर चालतं त्याचं अपडेट, खुणांपेक्षा बरंच विरळ.

आता 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'. इथे मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नातलगांचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून मी साफसफाईला बसले. यादीत २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशी एकाच नावाची दहा-बारा पिल्लं. मला वाटलं, नवं आहे तर जुनं कशाला? एकामागून एक काढली. दुसऱ्या दिवशी फोन, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही. पडद्यावर निरोप होता की 'एमएसव्हीसीआर१००' नावाची डीएलएल, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारी मदतनीस फाइल, सापडत नाही. नावातलं ते १०० म्हणजे २०१० ची आवृत्ती. मी ती शोधून पुन्हा बसवली, तरी तोच निरोप. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उमगलं: विंडोज ६४ बिटचं म्हणून मी 'एक्स६४'चा तुकडा बसवला होता, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटचं. त्याला 'एक्स८६'च हवा. दोन्ही शेजारी शेजारी लागतात, एकमेकांचं काम करत नाहीत. तेव्हापासून मी या यादीला हात लावत नाही.

ही सॉफ्टवेअर नव्हेत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेली हत्यारांची पेटी आहे. प्रत्येक कार्यक्रम आपल्या सालची पेटी मागतो आणि ती नसेल तर स्वतःबरोबर घेऊन येतो. तुम्ही एखादा खेळ, स्कॅनरचा ड्रायव्हर, फोटो बघायचं काही घातलंत, त्याच्या मागे ही पेटी आली. २०१५ पासूनच्या आवृत्त्या मात्र एकाच पेटीत मावतात. तिथून पुढे गर्दी कमी झाली. वेबव्ह्यू२ हीसुद्धा तसलीच पेटी. ॲपच्या खिडकीत वेब पान दाखवायचं असेल तर लागणारा एज ब्राउझरचा गाभा. विंडोज ११ बरोबर तो येतोच. नवं आउटलुक, टीम्स, विजेट्स, सगळे त्याच्यावर उभे आहेत. तुम्ही एज कधी उघडत नसाल तरी हा लागतो, आणि तो स्वतःचं अपडेट स्वतः करून घेतो.

विंडोजच्या अपडेट यंत्रणेची स्वतःचीही अपडेट असतात. केबी ५००१७१६ हे त्यातलं, कुणाच्या यादीत 'अपडेट हेल्थ टूल्स'ही सापडतं. अपडेट अडलं तर वाट मोकळी करणं, आवृत्तीची मुदत संपत आली तर सूचना दाखवणं, असली कामं. निरुपद्रवी, थोडी आगाऊ. टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' प्रोसेसर खाताना दिसला आणि त्याचा पत्ता 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरात लांबलचक, आकड्यांनी भरलेला निघाला, तरी दचकू नका. त्याचं घर तिथेच आहे. मंगळवारनंतर तासभर त्याला त्याचं काम करू द्या.

अपडेट फसणं आणि कुणी आत शिरणं यांचा संबंध लोक फार पटकन जोडतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वर केबी ५०३४४४१ असंख्य मशीनवर रोज फसत होतं, एरर ०एक्स८००७०६४३. कारण अगदीच घरगुती होतं: डिस्कवरच्या दुरुस्तीच्या विभागात त्याला २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि जुन्या मशीनवर तो विभाग चिमुकला होता. एरर कोडचं भाषांतर करत बसण्यापेक्षा केबी क्रमांकाच्या पानावर 'ज्ञात अडचणी' बघणं कधीही सोपं.

एका प्रकाराकडे मात्र खरोखर लक्ष द्या, ते म्हणजे 'फर्मवेअर'. ड्रायव्हरच्या यादीत लॅपटॉप कंपनीच्या नावापुढे हा शब्द असेल तर ते अपडेट विंडोजच्या खाली, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलं जातं. रीस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर कंपनीचा लोगो आणि सरकती पट्टी येते, कधी पंखा जोरात फिरतो, कधी मशीन दोनदा आपोआप बंद-चालू होतं. अनोळखी माणसाला वाटतं मशीन गेलं, आणि तो पॉवरचं बटण दाबून धरतो. खरं नुकसान त्या क्षणी होतं. चार्जर लावा आणि हात बांधून बसा.

फर्मवेअरनंतर दुसरा एक प्रसंग घडू शकतो. निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागितली जाते, ४८ आकडी, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. 'मी बिटलॉकर लावलंच नाही' हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलं आहे. तुम्ही लावलं नसेल, पण हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं की 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. डिस्कला कुलूप लागतं आणि किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. एरवी ते कळतही नाही. फर्मवेअर बदललं की कुलपाला वाटतं मशीन दुसरंच आहे, आणि ते किल्ली मागतं. हा खंडणीचा प्रकार नाही, तिथे कुणी पैसे मागत नाही. पण किल्ली नसेल तर माझ्यासकट कुणीही तुमचे फोटो परत देऊ शकत नाही. आणि फर्मवेअरशी निगडित हालचाल येत्या काळात वाढणार आहे. विंडोज सुरू होताना विश्वासू कोण हे ठरवणारी सिक्युअर बूटची प्रमाणपत्रं २०११ सालची आहेत, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, आणि त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधूनच येतात. यादीत 'सिक्युअर बूट' असं काही दिसलं तर ते हेच.

एवढं सगळं सांगितल्यावर तुमचा संशय मी निराधार ठरवते आहे असं वाटेल. तसं नाही. अपडेट खरं असणं आणि ते तुम्हाला हवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ साली विंडोज ७ आणि ८.१ वर केबी ३०३५५८३ आलं, मायक्रोसॉफ्टचंच, शंभर टक्के खरं, आणि त्याचं काम काय, तर घड्याळाशेजारी एक चिन्ह ठेवून विंडोज १० घ्या असा तगादा लावणं. २०२३ च्या शेवटी अनेकांच्या मशीनवर एचपीचं प्रिंटरचं ॲप न मागता येऊन बसलं आणि दुसऱ्याच कंपनीचे प्रिंटर एचपीच्या नावानं दिसायला लागले. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य करून दुरुस्तीचं साधन दिलं. क्वचित याहून गंभीरही घडतं. आसुसच्या 'लाइव्ह अपडेट' साधनातून २०१८ मध्ये काही महिने विषारी आवृत्ती वाटली गेली, कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच खऱ्या डिजिटल सहीनिशी. ते उघड झालं मार्च २०१९ मध्ये. म्हणून माझा रिवाज असा की लॅपटॉप कंपनीची स्वतःची अपडेट साधनं, पाच असतील तर एक ठेवायचं, बाकी काढायची. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून मिळतातच. दारं जितकी कमी, तितका पहारा सोपा.

पण घरोघरी प्रत्यक्षात फसवणूक होते ती या दारांतून नाही. ती ब्राउझरमधून होते. कुठलं तरी पान उघडावं आणि 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा' असा देखणा फलक यावा. किंवा पडदाभर निळं पान, टक्केवारी, आणि एक फोन नंबर. अलीकडचा प्रकार आणखी चलाख: 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणून विंडोज आणि आर ही बटणं दाबायला लावतात, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या पानानं एक आज्ञा आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते, आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं चालवता. गंमत बघा, ही खोटी अपडेट कधीच अनोळखी नावानं येत नाहीत. विंडोज, क्रोम, फ्लॅश, ठळक अक्षरात, अगदी ओळखीची. १९६८ सालची तारीख लावून कुणी तुम्हाला फसवायला येणार नाही. विंडोजचं खरं अपडेट सेटिंग्जमध्ये असतं, वेब पानावर कधी नसतं, फोन करायला सांगत नाही आणि काही चिकटवायला सांगत नाही. उतरवून घेतलेल्या फाइलबद्दल शंका असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. सही कुणाची आहे ते तिथे कळतं. मात्र विंडोजच्या आतल्या बऱ्याच फायलींना हा टॅबच नसतो, त्यांच्या सह्या वेगळ्या कॅटलॉगमध्ये एकत्र ठेवलेल्या असतात, तेव्हा सिस्टम३२ मध्ये जाऊन हा प्रयोग करू नका, नाहक घाबराल.

या सगळ्याला कंटाळून अपडेटच बंद करावीत, असं पुष्कळांना वाटतं. त्यांना मी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसची तारीख सांगते: ज्या फटीतून तो १२ मे २०१७ ला जगभर पसरला, ती बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलेलं होतं. दोन महिने आधी. अगदीच भीती वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये 'पॉज' आहे, पाच आठवड्यांपर्यंत. दुसऱ्या मंगळवारनंतर आठवडाभर थांबा, कुठे आरडाओरडा होत नाही ना बघा, मग घाला. मीही घरच्यांच्या मशीनवर असंच करते.

घरात कुणाकडे मॅक असेल तर तिथेही हाच खेळ, फक्त यादी जास्त आड ठेवलेली आहे. 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये 'इन्स्टॉलेशन्स' उघडा. 'एक्सप्रोटेक्ट' आणि 'गेटकीपर' अशी नावं वारंवार दिसतील, ती ॲपलची व्हायरसविरोधी यंत्रणा.

तुमच्यासाठी आजचं काम एवढंच. वर सांगितल्याप्रमाणे आयनेटपब परत आणा. अपडेट हिस्टरीत 'ड्रायव्हर अपडेट्स'खाली फर्मवेअरची नोंद आहे का बघा. आणि पुढचा दुसरा मंगळवार यायच्या आत मायक्रोसॉफ्ट खात्यात ब्राउझरनं साइन इन करून तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली रिकव्हरी की दिसते का तपासा. दिसली तर ते ४८ आकडे कागदावर लिहा. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवू नका, तेही एकांनी केलेलं आहे.